किमान पेशीची कल्पना आणि तिची घडण : एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास जीवशास्त्रात दोन सिद्धांत स्थिरावले. सर्व सजीव पेशींचे बनलेले असतात, हा पहिला. आणि प्रत्येक पेशी आधीच्या पेशीपासूनच उत्पन्न होते, हा दुसरा. दुसऱ्या सिद्धांताला जर्मन विकृतिशास्त्रज्ञ रुडॉल्फ फिर्खो यांनी १८५५ मध्ये सूत्ररूप दिले. त्यानंतर लवकरच लुई पाश्चर यांच्या प्रयोगांनी सूक्ष्मजीवांच्या स्वयंजननाची कल्पना निकालात काढली. परंतु त्याबरोबरच एक नवा प्रश्नही उभा राहिला. पेशी केवळ पेशीपासूनच होत असेल, तर तिची घडण रसायनशास्त्राच्या आवाक्यात कधी येणार की नाही? पेशी म्हणून जगण्यासाठी कमीत कमी काय लागते, हे निश्चित सांगता आले तरच तिची उभारणी करण्याचा विचार करता येईल. या 'कमीत कमी'च्या शोधालाच आज किमान पेशीचे संशोधन म्हणतात.

या संशोधनाची ओळख बहुधा २०१० किंवा २०१६ सालच्या घोषणांपासून करून दिली जाते. त्यामुळे ते संगणकयुगाचे अपत्य आहे, असा समज होतो. प्रस्तुत लेखात या कल्पनेची सुमारे शंभर वर्षांची वाटचाल मांडण्याचा प्रयत्न केला आहे. त्यातून दोन गोष्टी दाखवावयाच्या आहेत. एक म्हणजे, 'किमान' या शब्दाचा अर्थ या काळात स्थिर राहिलेला नाही. दुसरी म्हणजे, 'मानवाने जीव निर्माण केला' हे विधान फिर्खो यांच्या सूत्राशी ताडून पाहिल्याशिवाय स्वीकारता किंवा नाकारता येत नाही.

१. थेंब आणि पुटिका : रसायनशास्त्रीय पूर्वपीठिका

१८२८ मध्ये फ्रीडरिख व्हलर यांनी युरिया प्रयोगशाळेत तयार केला. सजीवांच्या शरीरात आढळणारा पदार्थ प्राणतत्त्वाच्या साहाय्याविना तयार होऊ शकतो, हे त्यातून दिसले. आपल्या विषयाच्या दृष्टीने मात्र एदुआर्त बुखनर यांचा १८९७ चा प्रयोग अधिक महत्त्वाचा आहे. त्यांनी यीस्टच्या पेशी चिरडून काढलेल्या रसात साखर घातली, तेव्हा जिवंत पेशी नसतानाही किण्वन झाले. या कार्यासाठी त्यांना १९०७ चे नोबेल पारितोषिक मिळाले. पेशीचे एखादे कार्य पेशीपासून वेगळे काढता येते, हा धडा या प्रयोगाने दिला. पुढील सर्व 'पेशीविरहित' प्रणालींचे मूळ येथे आहे.

फ्रान्समधील नांत येथील स्तेफान लद्युक यांनी १९१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथाच्या शीर्षकातच 'संश्लेषी जीवशास्त्र' ही संज्ञा आढळते. धातूंच्या क्षारांचे स्फटिक सिलिकेटसारख्या द्रावणांत सोडले असता तर्षणामुळे वनस्पतींसारखे, कवकांसारखे आकार वाढतात, हे त्यांनी दाखविले. त्या आकारांत वाढ होती. पण वंश नव्हता आणि चयापचयही नव्हता. साम्य केवळ रूपाचे होते.

रशियन जीवरसायनज्ञ ए. आय. ओपारिन यांनी १९२४ मध्ये आणि जे. बी. एस. हॉल्डेन यांनी १९२९ मध्ये स्वतंत्रपणे जीवोत्पत्तीची रासायनिक उपपत्ती मांडली. ओपारिन यांनी पुढे कोअॅसर्व्हेट थेंबांना आदिपेशीचे प्रतिमान मानले. हॉल्डेन १९५७ मध्ये भारतात स्थायिक झाले व १९६४ मध्ये भुवनेश्वर येथे निवर्तले. १९६३ च्या ऑक्टोबरमध्ये फ्लोरिडातील वाकुला स्प्रिंग्ज येथे भरलेल्या परिषदेसाठी त्यांनी जो निबंध सिद्ध केला, त्याचा विषय पहिल्या जीवाच्या आराखड्यासाठी कोणती माहिती लागेल, हा होता. एकच आर.एन.ए. जनुक असलेला जीव संभवतो काय, याचा विचार त्यांनी त्यात केला. किमान पेशीचा प्रश्न 'किती जनुके?' या रूपात मांडण्याच्या आरंभीच्या प्रयत्नांत या निबंधाची गणना करावी लागेल. साधारण याच काळात अलाहाबाद येथे कृष्ण बहादुर यांनी सूर्यप्रकाशात ठेवलेल्या रासायनिक मिश्रणांत आढळलेल्या सूक्ष्म कणांना 'जीवाणु' असे नाव दिले. मराठीत 'जीवाणू' म्हणजे बॅक्टेरिया. बहादुर यांना मात्र 'जीवाचा अणू' असा अर्थ अभिप्रेत होता. अमेरिकेत सिडनी फॉक्स यांनी अमिनो आम्ले तापवून मिळविलेल्या प्रथिनसदृश पदार्थांपासून सूक्ष्मगोल तयार केले.

या सर्व प्रयत्नांत एक समान उणीव होती. थेंब वाढे, क्वचित विभागेही. परंतु आपली रचना पुढच्या थेंबाकडे सोपविण्याची सोय त्यात नव्हती. या उणिवेला तात्त्विक उत्तर दिले ते हंगेरियन रसायनज्ञ तिबोर गांती यांनी. १९७१ मध्ये त्यांनी मांडलेल्या 'केमोटॉन' प्रतिमानात तीन उपप्रणाली आहेत : स्वतःची पुनर्निर्मिती करणारे रासायनिक चक्र, माहिती धारण करणारा रेणू आणि दोहोंना वेढणारे पटल. तिन्ही एकमेकींवर अवलंबून असल्याने एक वाढली की इतरही वाढतात. मूळ ग्रंथ हंगेरियन भाषेत असल्याने त्याची दखल उशिरा घेतली गेली. त्याचा विस्तृत इंग्रजी अवतार २००३ मध्ये आला. येथे 'किमान' याचा अर्थ भागांची संख्या असा नव्हता. भागांमधील आवश्यक संबंध असा तो होता. हा मुद्दा पुढे पुन्हा उपस्थित होईल.

२. निसर्गातील लहान पेशी

दुसरी वाट पशुवैद्यकातून आली. गुरांच्या संसर्गजन्य फुप्फुसदाहाचे कारण असलेला सूक्ष्मजीव नोकार, रू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १८९८ मध्ये प्रयोगशाळेत वाढविला. पुढे या गटाला मायकोप्लाझ्मा हे नाव मिळाले. या जीवाणूंना पेशीभित्तिका नसते. ते आश्रयदात्या प्राण्याकडून बहुतेक पोषकद्रव्ये आयती घेतात. त्यामुळे त्यांची जनुके उत्क्रांतीच्या ओघात गळत गेली आहेत. अमेरिकन जीवभौतिकज्ञ हॅरॉल्ड मॉरोविट्झ यांनी १९६२ पासून या लहान पेशींकडे लक्ष वेधले होते. १९८४ मध्ये त्यांनी असे प्रतिपादन केले की, जीवनाचे तर्कशास्त्र संपूर्णपणे उलगडावयाचे असेल तर मायकोप्लाझ्मा हा सर्वांत सुलभ विषय आहे. एका पेशीतील प्रत्येक जनुकाचे कार्य जाणण्याची महत्त्वाकांक्षा त्यांनी येथे स्पष्ट शब्दांत मांडली.

ही महत्त्वाकांक्षा कृतीत आणण्याची साधने अकरा वर्षांनी उपलब्ध झाली. १९९५ मध्ये क्रेग व्हेंटर, हॅमिल्टन स्मिथ आणि सहकाऱ्यांनी हीमोफिलस इन्फ्लुएन्झा या जीवाणूचा संपूर्ण जीनोम वाचला. त्याच वर्षी मायकोप्लाझ्मा जेनिटॅलियमचा ५,८०,०७० आधारजोड्यांचा जीनोमही प्रसिद्ध झाला. स्वतंत्रपणे संवर्धन करता येणाऱ्या जीवांमध्ये इतका लहान जीनोम तोवर ज्ञात नव्हता.

३. जनुकांची मोजदाद

दोन जीनोम हाती येताच १९९६ मध्ये अर्केडी मुशेगियन आणि यूजीन कूनिन यांनी त्यांची तुलना केली. दूरच्या नात्यातील दोन जीवाणूंनी जी जनुके राखली असतील ती अपरिहार्य असली पाहिजेत, या तर्काने त्यांनी २५६ जनुकांचा किमान संच सुचविला. १९९९ मध्ये क्लाइड हचिसन आणि सहकाऱ्यांनी वेगळी पद्धत वापरली. ट्रान्सपोझॉन नावाचा डी.एन.ए.चा तुकडा जीनोममध्ये कोठेही शिरू दिला; ज्या जनुकात तो शिरूनही पेशी जगली, ते जनुक अनावश्यक मानले. या पद्धतीने सुमारे ४८० प्रथिन-जनुकांपैकी २६५ ते ३५० आवश्यक ठरली. २००६ मध्ये जॉन ग्लास आणि सहकाऱ्यांनी अधिक काटेकोर प्रयोग करून हा आकडा ३८२ पर्यंत नेला.

पद्धत जसजशी काटेकोर झाली तसतसा आकडा वाढत गेला, ही बाब विचारात घेण्यासारखी आहे. त्याचे एक कारण सोपे आहे. वाड्यात दोन आड असतील तर कोणताही एक बुजविला तरी पाणी कमी पडत नाही. म्हणून दोन्ही अनावश्यक आहेत असा निष्कर्ष काढून दोन्ही बुजविले, तर वाडा ओस पडेल. एकच कार्य करणाऱ्या जनुकांच्या जोड्यांबाबत नेमके हेच घडते. एकेक जनुक वगळून केलेली मोजदाद त्यामुळे सर्व अनावश्यक जनुके एकदम वगळल्यास काय होईल, हे सांगू शकत नाही. त्यासाठी संपूर्ण जीनोम नव्याने लिहून पाहणे, एवढाच मार्ग उरतो.

४. वाचनाकडून लेखनाकडे

जनुकलेखनाचा आरंभ हरगोविंद खुराना यांच्यापासून होतो. त्यांच्या गटाने १९७० मध्ये यीस्टमधील एका वाहक आर.एन.ए.च्या ७७ आधारजोड्यांच्या जनुकाचे संपूर्ण रासायनिक संश्लेषण केल्याचे जाहीर केले. २००२ मध्ये एकार्ड विमर यांच्या प्रयोगशाळेने पोलिओ विषाणूचे संश्लेषण केले. २००३ मध्ये स्मिथ, हचिसन आणि व्हेंटर यांच्या गटाने जीवाणुभक्षी फाय-एक्स १७४ या विषाणूचा ५,३८६ आधारजोड्यांचा जीनोम दोन आठवड्यांत जुळविला. विषाणू मात्र पेशी नव्हेत. जिवंत पेशीत शिरल्याविना त्यांना पुनरुत्पादन करता येत नाही.

पेशीच्या दिशेने निर्णायक पाऊल २००७ मध्ये पडले. कॅरोल लार्तिग आणि सहकाऱ्यांनी मायकोप्लाझ्मा मायकॉइडिसचा जीनोम काढून तो मायकोप्लाझ्मा कॅप्रिकोलम या जवळच्या जातीच्या पेशींत घातला. प्रतिजैविकाच्या साहाय्याने निवड केल्यावर उरलेल्या वसाहती पूर्णपणे पहिल्या जातीच्या निघाल्या. एका जातीची पेशी जीनोम बदलून दुसऱ्या जातीची करता येते, हे यातून सिद्ध झाले. २००८ मध्ये डॅनियल गिब्सन आणि सहकाऱ्यांनी मायकोप्लाझ्मा जेनिटॅलियमचा ५,८२,९७० आधारजोड्यांचा कृत्रिम जीनोम जुळविला. परंतु हा जीवाणू अतिशय संथ वाढत असल्याने पुढील कामासाठी शीघ्र वाढणाऱ्या मायकोप्लाझ्मा मायकॉइडिसची निवड करण्यात आली.

२० मे २०१० रोजी जेसीव्हीआय-सिन १.० या पेशीची घोषणा झाली. तिचा जीनोम १०,७७,९४७ आधारजोड्यांचा होता. सुमारे एक हजार आधारजोड्यांचे १,०७८ तुकडे रासायनिक रीतीने तयार करून घेण्यात आले. त्यांतील दहा-दहा जोडून दहा हजारांचे, तेही दहा-दहा जोडून एक लाखाचे आणि शेवटी अशा अकरा खंडांचा एक पूर्ण जीनोम यीस्टच्या पेशीत जुळविला गेला. प्रथम पेशी जगेनात. शोध घेता डीएनएए या आवश्यक जनुकात एकच आधारजोडी गळाल्याचे आढळले. दहा लाखांहून अधिक अक्षरांत एका अक्षराच्या चुकीने काम अनेक आठवडे रखडले. ती दुरुस्त होताच वसाहती दिसू लागल्या.

या पेशीचा जनक संगणक आहे, असे व्हेंटर यांनी त्या वेळी सांगितले. या दाव्याचे ऐतिहासिक मूल्यमापन करताना दोन बाबी वेगळ्या ठेवल्या पाहिजेत. जीनोमचा रेणू मानवनिर्मित होता, यात शंका नाही. तथापि त्यातील मजकूर जवळजवळ संपूर्णतः निसर्गाचाच होता, हेही तितकेच खरे. शिवाय तो ज्या पेशीत घातला गेला तिचे पटल, रायबोसोम आणि विकरे आधीच्या जिवंत पेशीची होती. पिढ्यांमागून पिढ्या गेल्यावर ती मूळ द्रव्ये विरळ होऊन नव्या जीनोमच्या आज्ञेने घडलेली द्रव्ये उरली, हे मान्य केले तरी आरंभ जिवंत पेशीपासूनच झाला. फिर्खो यांचे सूत्र २०१० मध्ये मोडले गेले नाही. त्याची व्याप्ती मात्र कमी झाली. पेशीपासून पेशी होते, पण कोणती पेशी व्हावी हे यापुढे पूर्वजांवरच अवलंबून राहिले नाही.

५. ४७३ जनुके आणि अज्ञाताचा हिशेब

किमान पेशीचे मूळ उद्दिष्ट मार्च २०१६ मध्ये जेसीव्हीआय-सिन ३.० च्या रूपाने साकार झाले. त्यापूर्वीचा अनुभव बोधप्रद आहे. उपलब्ध ज्ञानाच्या आधारे प्रथम एक किमान जीनोम कागदावर आखला गेला. त्यापासून जिवंत पेशी मिळाली नाही. जीनोमचे आठ खंड करून प्रत्येकाची स्वतंत्र चाचणी घेतली तेव्हा एकच खंड पेशीला जगवू शकला. मग प्रयोगांच्या फेऱ्या करून जनुकांची 'आवश्यक' आणि 'अनावश्यक' यांच्याखेरीज तिसरी वर्गवारी करावी लागली : ज्यांच्यावाचून पेशी मरत नाही, पण नीट वाढतही नाही अशी 'अर्धआवश्यक' जनुके. म्हणजेच किमान किती, या प्रश्नाचे उत्तर पेशी किती वेगाने वाढावी या अपेक्षेवरही ठरू लागले.

सिद्ध झालेला जीनोम ५,३१,५६० आधारजोड्यांचा असून त्यात ४७३ जनुके आहेत. या पेशींची संख्या दुप्पट होण्यास सुमारे तीन तास लागतात; सिन १.० ला सुमारे एक तास पुरत असे. परंतु सर्वांत लक्षणीय आकडा वेगळाच होता. या ४७३ पैकी १४९ जनुकांचे नेमके कार्य त्या वेळी अज्ञात होते. ती काढली तर पेशी जगत नाही वा नीट वाढत नाही. ती काय करतात हे मात्र सांगता येत नव्हते. १९८४ मध्ये मॉरोविट्झ यांनी ज्या संपूर्ण आकलनाची अपेक्षा धरली होती, त्याच्या जवळजवळ एक-तृतीयांश भागावर पडदा असल्याचे या पेशीने उघड केले. जी वस्तू आपण घडवितो ती आपल्याला कळते, हे गृहीत सर्वांना प्रिय असते. सिन ३.० ही त्याला अपवाद ठरली. आणि माझ्या मते तिचे सर्वांत मोठे योगदान हेच आहे.

पुढील संशोधन या अज्ञाताच्या दिशेने गेले. सिन ३.० च्या पेशी विभागताना वेडेवाकडे आकार धारण करीत; म्हणून १९ जनुके परत घालून सिन ३-ए हा प्रकार तयार करण्यात आला. २०२१ मध्ये असे दिसून आले की, सुव्यवस्थित विभाजनासाठी त्यांतील सात जनुके लागतात, आणि त्या सातांपैकी पाचांचे कार्य पूर्वी माहीत नव्हते. २०२२ मध्ये इलिनॉय विद्यापीठातील झायडा ल्यूथी-शुल्टेन यांच्या गटाने या पेशीचे संगणकीय प्रतिमान प्रसिद्ध केले. २०२३ मध्ये इंडियाना विद्यापीठातील जे लेनन यांच्या गटाने किमान पेशी ३०० दिवस, म्हणजे सुमारे २,००० पिढ्या वाढविली. जनुके कमी केल्याने निम्म्याहून अधिक घटलेली तिची जीवनक्षमता उत्क्रांतीने भरून निघाली. काटछाट केलेल्या पेशीतही उत्क्रांतीची शक्ती शाबूत राहते, असा याचा अर्थ होतो.

येथे 'किमान' या शब्दाची मर्यादाही स्पष्ट केली पाहिजे. सिन ३.० ला प्रयोगशाळेत साखर, अमिनो आम्ले, मेदाम्ले इत्यादींनी समृद्ध माध्यम आयते मिळते. माध्यम साधे असते तर आणखी अनेक जनुके लागली असती. उलट, सिलिड नावाच्या कीटकांच्या पेशींत राहणाऱ्या कार्सोनेला रुड्डिआय या जीवाणूचा २००६ मध्ये वाचलेला जीनोम अवघ्या १,५९,६६२ आधारजोड्यांचा आहे. पण तो आश्रयदात्याबाहेर जगू शकत नाही. तेव्हा 'किमान' हा पेशीचा स्वतंत्र गुण नाही. तो पेशी आणि परिसर यांच्यातील व्यवहाराचा गुण आहे. गांती यांनी संबंधांवर दिलेला भर अशा रीतीने दुसऱ्या वाटेने पुन्हा सामोरा येतो.

६. पायापासून उभारणीचे प्रयत्न

जिवंत पेशीला कातरत जाण्याऐवजी निर्जीव रेणूंपासून पेशी उभारण्याची दुसरी परंपराही खंडित झाली नव्हती. १९६० नंतरच्या दशकात अॅलेक बँगहॅम यांनी मेदरेणूंच्या पुटिकांचे म्हणजे लायपोसोमचे वर्णन केले होते. २००१ मध्ये जॅक शोस्टॅक, डेव्हिड बार्टेल आणि पिएर लुईजी लुईसी यांनी जीवनाच्या संश्लेषणाचा कार्यक्रम मांडला : पटलपुटिकेत स्वतःची प्रत काढणारा आर.एन.ए. रेणू बसविणे. त्याच वर्षी टोकियो येथील ताकुया उएडा यांच्या गटाने शुद्ध केलेले घटक ठरलेल्या प्रमाणात एकत्र करून प्रथिननिर्मिती घडविली. २००४ मध्ये व्हिन्सेंट न्वारो आणि अल्बर्ट लिबशाबर यांनी पेशीरस पुटिकेत भरला व पटलाला छिद्रे पाडणारे प्रथिन तेथेच तयार करविले. बाहेरची पोषकद्रव्ये आत येऊ लागल्याने प्रथिननिर्मिती चार दिवसांपर्यंत टिकली. बुखनर यांच्या यीस्टरसाचा हा वंशविस्तारच म्हणावा लागेल. जर्मनी व नेदरलँड्समध्ये यासाठी राष्ट्रीय पातळीवरील संघटित कार्यक्रम सुरू झाले. पुण्याच्या भारतीय विज्ञान शिक्षण आणि संशोधन संस्थेतही आदिपेशींच्या पटलांविषयी संशोधन झाले आहे.

या मार्गाने स्वतः वाढून, विभागून, वंश चालविणारी परिपूर्ण पेशी सिद्ध झालेली नाही. शिवाय वापरले जाणारे रायबोसोम आणि विकरे बहुधा ई. कोलाय जीवाणूंपासूनच मिळविलेली असतात. फिर्खो यांचे सूत्र येथेही मागील दाराने आत येते.

७. जबाबदारीचा प्रश्न

या क्षेत्रात नैतिक चिंतन प्रयोगांच्या मागून आले, असे म्हणणे इतिहासाला धरून होणार नाही. १९९९ मध्ये हचिसन यांचा शोधनिबंध ज्या अंकात आला, त्याच अंकात मिल्ड्रेड चो आणि सहकाऱ्यांनी किमान जीनोमच्या संश्लेषणाची नैतिक चर्चा केली होती. जीवन म्हणजे जनुकांची यादी, असे मानण्यातील धोका त्यांनी दाखविला होता. २०१० च्या घोषणेनंतर अमेरिकी राष्ट्राध्यक्षांनी जैवनीती आयोगाकडून अहवाल मागविला. त्या वर्षीच्या डिसेंबरमधील अहवालाने संशोधनबंदी सुचविली नाही. सावध देखरेखीची शिफारस केली.

डिसेंबर २०२४ मधील घटना याहून गंभीर आहे. निसर्गातील प्रथिनांची अमिनो आम्ले डावखुऱ्या ठेवणीची, तर डी.एन.ए.तील शर्करा उजव्या ठेवणीची असते. याच्या नेमक्या उलट ठेवणीची 'आरसा-प्रतिमा' पेशी घडविली, तर प्राण्यांची प्रतिकारशक्ती व नैसर्गिक भक्षक तिला ओळखू शकणार नाहीत, अशी भीती ३८ शास्त्रज्ञांनी जाहीर केली. अशा जीवाणूंच्या निर्मितीकडे वळू नये, असे आवाहन केले. आवाहन करणाऱ्यांत जॉन ग्लास आणि केट अॅडामाला यांच्यासारखे कृत्रिम पेशींवरच काम करणारे संशोधक होते. ज्यांना ती घडविण्याची वाट दिसू शकते, त्यांनीच थांबण्याचे ठरविणे ही विज्ञानाच्या इतिहासात विरळा आढळणारी गोष्ट होय.

समारोप

वरील आढाव्यावरून असे म्हणता येईल की, किमान पेशीची कल्पना तीन टप्प्यांतून गेली. प्रथम 'किमान' म्हणजे पेशीसारखे दिसणारे रूप, नंतर जनुकांची संख्या आणि शेवटी पेशी व परिसर यांच्यातील संबंध. प्रत्येक टप्प्याने मागील टप्प्याचे उत्तर अपुरे ठरविले. ते व्यर्थ ठरविले नाही. लद्युक यांचे आकार फसवे होते म्हणून गांती यांना संबंधांचा विचार करावा लागला. मोजदादीचे आकडे जुळेनात म्हणून जीनोम लिहावा लागला. आणि लिहिलेला जीनोम जगला तेव्हा त्यातील १४९ जनुकांनी आपले अज्ञान मोजून दाखविले.

अध्यापनाच्या दृष्टीनेही याला महत्त्व आहे. पदवी वर्गात पेशीची ओळख आपण अवयवांची नावे घातलेल्या आकृतीने करून देतो, आणि आकृतीत रिकामी जागा ठेवीत नाही. ज्ञात असलेली सर्वांत साधी स्वतंत्र पेशीही अंशतः अनोळखी आहे, हे विद्यार्थ्यांना सांगितले तर फिर्खो यांचे सूत्र पाठ करण्याचे वाक्य न राहता तपासण्याचा प्रश्न होईल. पेशी पेशीपासूनच होते काय, याचे उत्तर प्रयोगशाळेने अद्याप 'होय' असेच दिले आहे. ते बदलेल की नाही, हे प्रयोग ठरवतील. ते कोणत्या दिशेने बदलू द्यावे, हे मात्र केवळ प्रयोगशाळेने ठरवावयाचे नाही.